चौघांतली एक



आपल्या केंद्रात रेकॉर्डिंगला मदत करायला कॉलेजची मुलंमुली येतात, हे तुम्हाला माहीत आहेच. मागे एकदा वीज गेली, काम थांबलं आणि बसल्या बसल्या त्यांच्यात वाद सुरू झाला. जगातला आजवरचा सर्वांत थोर पियानोवादक कोण? एक म्हणाला होरोविट्झ, दुसरी म्हणाली रॅखमानिनॉव्ह. तिसऱ्याने लिस्टचं नाव घेतलं आणि त्याच्यापुढे बाकीचे पाणी भरतील असंही सांगून टाकलं. आम्ही चहा गाळत ऐकत होतो. लता की आशा या वादात आमची अर्धी हयात गेली आहे, त्यामुळे असल्या भांडणाचं आम्हाला नवल नाही. पण दहा-बारा नावं झाली तरी त्यात बाईचं नाव एकही येईना. आमच्यातल्या एकीने विचारलं, "आणि बायका रे?" तर उत्तर आलं, "बायका नव्हत्याच ना मावशी तेव्हा."

नव्हत्याच?

ते उत्तर आम्हाला लागलं. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याने जे वाचलं ते तो बोलला. पण आम्ही ठरवलं, की आता हे बघायचंच. पुस्तकं मागवली, वाचली, फोनवर जुन्या ध्वनिमुद्रिका शोधल्या, आणि जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

आधी पियानोविषयी दोन शब्द, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींनी तो हिंदी सिनेमातच पाहिलेला. कोट घातलेला नायक, मोठ्ठा काळा पियानो आणि समोर दुसऱ्याशी लग्न ठरलेली नायिका. आपली पेटी आणि पियानो यांच्या पट्ट्या दिसायला सारख्याच, काळ्या-पांढऱ्या. आत मात्र सगळा वेगळा कारभार. पेटीत भात्याची हवा पितळी सुरांवरून जाते आणि भाता चालू आहे तोवर सूर टिकतो. पियानोत प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक छोटी हातोडी असते, पट्टी दाबली की ती तारेवर पडते आणि लगेच मागे येते. सूर वाजला की विझायला लागतो. म्हणजे विझत जाणारे सूर एकापुढे एक ठेवून गाणं सलग वाहतंय असं भासवायचं, ही त्या वाद्याची खरी परीक्षा. इटलीत फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमाराला हे वाद्य बनवलं. त्याआधीच्या तंतुवाद्यांच्या पेट्यांत पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज साधारण तेवढाच यायचा. याच्यात बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा व्हायला लागला. हळू आणि मोठा या अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच त्याचं नाव पडलं.

आणि वाद्य आलं की सामनेही आलेच. १७८१ साली नाताळच्या आदल्या दिवशी व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफने मोझार्ट आणि क्लेमेंटी या दोघांना समोरासमोर बसवून वाजवायला लावलं. क्लेमेंटीने नंतर मोझार्टची तोंड भरून स्तुती केली. मोझार्टने घरी पत्र लिहून क्लेमेंटीला निव्वळ यंत्र ठरवलं. असो.

या मोझार्टला एक थोरली बहीण होती. मारिया आना, घरात तिला नानर्ल म्हणत. त्याच्याहून साडेचार वर्षांनी मोठी. १७६३ पासून तीन वर्षं बाप दोन्ही मुलांना घेऊन म्युनिक, पॅरिस, लंडन असा हिंडला आणि दोघंही राजदरबारांत वाजवत होती. काही जाहिरातींत तिचं नाव आधी असायचं. मग ती लग्नाच्या वयाची झाली. १७६९ मध्ये बाप इटलीला निघाला तो फक्त मुलाला घेऊन. नानर्ल साल्झबर्गला घरी राहिली, ती राहिलीच. एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणींना आपल्या किंवा आपल्या आईच्या शाळेवरून ओळखीची वाटेल, ते वेगळं सांगायला नको.

आता पॅरिस, १८३७. सगळ्यांत थोर कोण हा प्रश्न गाजायला लागला तो इथे. शहरात दोन तरुण वादकांचे दोन तट पडले होते. एक फ्रांझ लिस्ट, मूळचा हंगेरीतला, वय २५. दुसरा सिगिसमंड थालबर्ग, व्हिएन्नाहून आलेला, जवळपास त्याच वयाचा. थालबर्ग अगदी ताठ आणि शांत बसून वाजवायचा. त्याची एक हातखंडा चीज होती. गाण्याची मुख्य चाल तो पियानोच्या मधल्या भागात दोन्ही अंगठ्यांनी वाटून घ्यायचा आणि उरलेली बोटं वर-खाली सुरांचे फवारे उडवत राहायची. ऐकणाऱ्याला वाटे, याला तिसरा हात आहे. लिस्ट त्याच्या उलट, केस उडवत, अख्खं अंग झोकून वाजवणारा. लिस्टने जानेवारीत एका संगीत नियतकालिकात थालबर्गच्या रचनांवर सडकून टीका केली. झालं, पॅरिसला तेच हवं होतं. मार्चमध्ये थालबर्गने एका दुपारी कॉन्झर्व्हातोआरच्या सभागृहात वाजवलं, तर पुढच्याच रविवारी लिस्टने ऑपेराचं अवाढव्य नाट्यगृह घेतलं. एकटा पियानो तेवढ्या मोठ्या जागेत!

दोघांना एका छताखाली आणलं ते एका बाईने, आणि या बाईबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. क्रिस्तिना बेल्जोयोझो, मिलानच्या श्रीमंत घराण्यातली राजकन्या. तेव्हा मिलानवर ऑस्ट्रियाचं राज्य होतं. ही स्वातंत्र्यवाद्यांना पैसा पुरवते म्हणून ऑस्ट्रियाने तिच्या मिळकतीवर टाच आणली आणि ती पॅरिसला आली. तिथे देशोधडीला लागलेल्या इटालियन लोकांसाठी निधी गोळा करायचा होता. तिने बरोबर ओळखलं, की पॅरिसचे धनिक निर्वासितांसाठी खिशात हात घालणार नाहीत, पण भांडण बघायला घालतील. ३१ मार्च १८३७ रोजी तिच्या दिवाणखान्यात दोघं वाजवतील असं जाहीर झालं. तिकीट ४० फ्रँक, म्हणजे त्या काळी भरभक्कम रक्कम. दोघांनी आपापल्या गाजलेल्या चिजा वाजवल्या, ऑपेरातल्या चालींवर रचलेल्या. जिंकलं कोण? एका समीक्षकाने लिहिलं की दोघंही जिंकले, हरलं कुणीच नाही. खुद्द राजकन्येच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं. थालबर्ग हा जगातला पहिला पियानोवादक आणि लिस्ट हा एकमेव, अशा अर्थाचं. यातून काय घ्यायचं ते ज्याने त्याने घ्यावं! पाहुणे खूष, वादक खूष, आणि निधी जमा.

हीच बाई पुढे १८४९ मध्ये रोममध्ये लढाई पेटली तेव्हा जखमी सैनिकांसाठी रुग्णालयं उभी करत होती. पण पियानोच्या इतिहासात ती येते ती एका गमतीशीर वाक्यापुरती.

हे पॅरिसचं झालं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३८ मध्ये, जर्मनीत लायप्झिगहून निघणाऱ्या एका संगीत नियतकालिकात व्हिएन्नातल्या एका जाणकाराने त्या वेळच्या अव्वल वादकांची तुलना छापली. कोण किती स्वच्छ वाजवतं, कुणाच्या वादनात किती भाव, असं मुद्देसूद. त्यात चार नावं होती. लिस्ट, थालबर्ग, आडोल्फ हेन्सेल्ट आणि क्लारा वीक. ही चौथी १८ वर्षांची मुलगी होती.

तर नव्हत्याच, असं नाही. यादी करणाऱ्यांनी यादी केली तेव्हा ती त्यात होती.

क्लाराचा जन्म लायप्झिगचा, १३ सप्टेंबर १८१९. वडील फ्रीडरिक वीक पियानो शिकवत आणि पियानो विकतही. आई मारियाना गायची आणि वाजवायची, पण नवऱ्याशी पटेना म्हणून घर सोडून गेली. कायद्याने मुलं बापाची. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच क्लाराला आईकडून बापाकडे पाठवण्यात आलं. ही मुलगी चार वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हती. घरच्यांना वाटे, हिला ऐकूच येत नाही. पियानोचे सूर मात्र ती बोलण्याच्या आधी ओळखायला लागली.

बापाने तिला घडवलं, यात शंका नाही. रोज ठरलेला रियाज, ठरलेलं फिरणं, उत्तम गुरू. पण घडवणं आणि ताब्यात ठेवणं यांतला फरक त्याला कधी कळला नाही. मुलीच्या नावाने तो रोजनिशी लिहायचा, तीही 'मी' असं म्हणून. म्हणजे आज मी अमुक वाजवलं, बाबा माझ्यावर रागावले, आणि हस्ताक्षर बाबांचं! आम्ही हे वाचलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. आपला आवाज दुसऱ्याच्या अक्षरात. रेडिओवर काम करणाऱ्या बायकांना याची बोच जरा जास्तच समजते.

नवव्या वर्षी ती लायप्झिगच्या गेवांडहाउस सभागृहात वाजवून आली, अकराव्या वर्षी तिथेच तिची स्वतःची मैफल झाली. चौदाव्या वर्षाच्या आसपास तिने पियानो आणि वाद्यवृंदासाठी मोठी रचना लिहायला घेतली. १८३५ मध्ये ती सादर झाली तेव्हा संचालन केलं मेंडेल्सनने. मग १८३७ च्या हिवाळ्यात व्हिएन्ना. तिथे तिच्या मैफली अशा गाजल्या की ग्रिलपार्झर या मोठ्या कवीने तिच्या बेथोव्हेन वादनावर कविता केली आणि तिथल्या उपाहारगृहांत तिच्या नावाचा केक मिळू लागला. मार्च १८३८ मध्ये सम्राटाने तिला दरबारी वादकाचा किताब दिला. ती परदेशी, प्रॉटेस्टंट, वयाने लहान आणि वर मुलगी. यांतलं एकही कारण किताब नाकारायला पुरलं असतं.

त्याच व्हिएन्नात तिने लिस्टला प्रथम ऐकलं. ऐकून रडली आणि त्याच्यापुढे आपण शाळकरी आहोत असं तिला वाटलं. लिस्टने नंतर आपल्या अवघड रचनांचा एक संच तिला अर्पण केला. पुढे मात्र तिचं त्याच्याविषयीचं मत पार बदललं. १८५४ मध्ये लिस्टची एक मोठी रचना तिच्या घरी आली. आज जगातले वादक ती वाजवायला धडपडतात. क्लाराने रोजनिशीत लिहिलं की हा नुसता गोंगाट आहे. याच वर्षी लिस्ट तिच्यावर कौतुकाचा लेख लिहीत होता! नवऱ्याने एक रचना लिस्टला अर्पण केली होती, तर नवऱ्याच्या मागे संपादन करताना तिने ती अर्पणपत्रिकाच गाळली. आम्ही तिची बाजू घेऊन बोलतो आहोत हे खरं, पण हे काही तिला शोभलं नाही. मोठी माणसंही एकमेकांना मोजताना अशी मोजतात.

नवरा म्हणजे रॉबर्ट शुमन. वीक यांच्याकडे शिकायला आलेला, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याच्या उजव्या हाताचं बोट निकामी झालं आणि वादक व्हायचं स्वप्न संपलं, मग तो रचनाकार झाला. वर सांगितलेलं ते तुलना छापणारं नियतकालिक त्याचंच. बापाचा लग्नाला कडाडून विरोध. पोरीने मैफलींतून कमावलेला पैसा बापाच्या हातात, आणि लग्न करायचं तर त्यावर पाणी सोड, ही त्याची अट. शेवटी दोघं कोर्टात गेली. एका मुलीने लग्नासाठी आपल्या बापाविरुद्ध कोर्टात उभं राहायचं, १८३९-४० साली! निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी लग्न झालं. दुसऱ्या दिवशी ती २१ वर्षांची झाली.

इथे सिनेमा संपतो. खरोखरच तिच्यावर १९४७ साली हॉलिवूडने सिनेमा काढला, कॅथरिन हेपबर्न क्लारा झाली होती. पण आम्हाला लग्नानंतरची गोष्ट जास्त सांगावीशी वाटते.

रॉबर्टचं तिच्यावर अतोनात प्रेम होतं. तरी लग्नाआधीच त्याने लिहिलं होतं, की पहिलं एक वर्ष तरी तू कलावंत आहेस हे विसरून जावंस. घराच्या भिंती पातळ. तो लिहायला बसला की तिचा पियानो बंद, कारण त्याला आवाज चालत नसे. दोघं मिळून एक रोजनिशी लिहायची, तिच्यात ती कळवळून लिहिते, की दिवसातला एक तासही रियाजाला मिळत नाही. ज्या बाईला वर्षा-दोन वर्षांपूर्वी लिस्टच्या शेजारी मोजलं गेलं, तिला स्वतःच्या घरात वाजवायला वेळ नेमून घ्यावा लागत होता. स्वतःच्या रचनांविषयी तर लग्नाच्या आधीच, २० व्या वर्षी, तिने हार मानली होती. आपल्यात नवं रचायची ताकद आहे असं कधीकाळी वाटे, पण बाईने अशी इच्छा धरू नये, आजवर कुणा बाईला ते जमलं नाही, मग मलाच कसं जमेल, अशा अर्थाचं तिने लिहून ठेवलंय. आणि हे लिहून झाल्यावरही तिने १८४६ मध्ये पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तीन वाद्यांसाठी एक रचना केली. आज ती जगभर वाजते.

१३-१४ वर्षांत आठ बाळंतपणं. एक मूल तान्हेपणीच गेलं. या सगळ्यात मैफलीही चालू. कोपनहेगन, रशिया, व्हिएन्ना. १८४९ च्या मे महिन्यात ड्रेस्डेनमध्ये उठाव झाला, रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, घरोघरी पुरुषांना लढायला ओढून नेत होते. रॉबर्टला आणि थोरल्या मुलीला घेऊन ती मागच्या दाराने बाहेर पडली. तीन लहानगी मोलकरणीपाशी राहिली होती. सात महिन्यांची गरोदर क्लारा रात्री शेतांतून चालत परत शहरात गेली आणि मुलांना घेऊन आली.

१८५४ च्या फेब्रुवारीत रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण मन ठिकाणावर नव्हतं. बॉनजवळ एंडेनिशच्या मनोरुग्णालयात त्याला ठेवलं. डॉक्टरांनी दोन वर्षांहून जास्त काळ क्लाराला भेटू दिलं नाही. शेवटच्या दोन दिवसांत तेवढं बघता आलं, २९ जुलै १८५६ ला तो गेला. तो रुग्णालयात गेला तेव्हा तिच्या पोटात आठवं मूल होतं. मित्रमंडळी मदतीचे पैसे गोळा करायला तयार होती. ती नको म्हणाली. जूनमध्ये बाळ झालं, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाला ती मैफलींच्या दौऱ्यावर निघाली. थोरल्या दोघी शाळेत, एक आजीकडे, धाकटी घरी. घरखर्चाची वही तरुण ब्राम्स लिहीत होता. हो, तोच ब्राम्स, ज्याचं नाव पुढे बेथोव्हेनच्या रांगेत घेतलं गेलं. वाण्याची उधारी, मोलकरणीचा पगार, सगळं त्याच्या अक्षरात.

आता या वादातली महत्त्वाची गोष्ट. लिस्टने १८४७ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, तिकीट लावून वाजवणं जवळजवळ थांबवलं. त्याच्या भरभराटीचे दौरे आठ-दहा वर्षांचे. ती वर्षं झगझगीत होती, मान्य. बायका त्याच्या हातमोज्यांसाठी भांडत, आणि बर्लिनमधल्या वेडाला हाइने या कवीने लिस्टच्या नावावरून एक खास शब्दच बनवला. क्लाराने १८२८ मध्ये लोकांपुढे वाजवायला सुरुवात केली आणि शेवटची जाहीर मैफल केली ती १२ मार्च १८९१ रोजी, फ्रँकफर्टला. हिशेब करा. साठाहून जास्त वर्षं! मधे हात दुखावला, संधिवाताने छळलं, ऐकू कमी यायला लागलं. एक मुलगा मनोरुग्णालयात गेला, एक मुलगी आणि दोन मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले, नातवंडांचा खर्च अंगावर आला. तिने १,३०० च्या आसपास मैफलींच्या छापील पत्रिका जपून ठेवल्या होत्या, त्या आजही जर्मनीत त्स्विकाऊला, शुमनच्या जन्मगावी, संग्रहात आहेत. काय वाजवलं, कुठे वाजवलं, सगळं त्यांत आहे. नोंद ठेवणारी बाई होती.

आणि त्या पत्रिका ओळीने पाहिल्या तर काळ बदलताना दिसतो. लहानपणी तीही त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे बोटांची करामत दाखवणाऱ्या चिजा वाजवत होती. पुढे पुढे बाख, बेथोव्हेन, शोपँ आणि रॉबर्टच्या रचना येतात. बेथोव्हेनच्या रचनेचे तुकडे न करता ती पूर्ण वाजवायची, तीही पाठ, समोर कागद न ठेवता. आज कागद न ठेवता वाजवणं हा नियमच झालाय. १८३७ मध्ये बर्लिनला १७-१८ वर्षांच्या क्लाराने तसं केलं, तर तिथल्या एका नामवंत लेखिकेने ती आगाऊ आहे असं म्हटलं. आज पियानोवादक मंचावर येतो, वाकून नमस्कार करतो, मोठ्या रचनाकारांच्या दोन-तीन रचना पाठ वाजवतो आणि जातो. एकट्याने अख्खी मैफल करायची प्रथा लिस्टने रुजवली, हे त्याचं श्रेय. पण त्या मैफलीत काय वाजवायचं आणि कशा वृत्तीने वाजवायचं, यावर क्लाराचा हात आहे. ज्या फूटपट्टीने आज थोरपणा मोजतात, तिच्यावरच्या खुणा निम्म्या हिने कोरलेल्या. आणि मोजताना हिलाच विसरले. आमचं मत विचाराल, तर एका संध्याकाळी कोण जास्त चमकलं असतं ते आम्ही सांगू शकत नाही. साठ वर्षांची बेरीज मांडली तर आम्ही क्लाराच्या बाजूने हात वर करू.

मग ती यादीतून गळली कधी? हळूहळू. जिवंत असताना तिच्या नावावर सभागृहं भरत होती. ती २० मे १८९६ ला गेली. त्यानंतर पुस्तकांत ती शुमनची बायको आणि ब्राम्सची मैत्रीण म्हणून उरली. जर्मनीने १९९० च्या सुमाराला १०० मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र छापलं, मागच्या बाजूला पियानो. युरो येईपर्यंत ती लोकांच्या पाकिटात होती. पण थोर कोण या गप्पांत तिचं नाव क्वचितच निघतं.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर लुईझ फारांकचंही सांगतो. ही पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआरमध्ये १८४२ पासून तीस वर्षं पियानोची प्राध्यापिका होती. त्या शतकात तिथे एवढ्या वरच्या कायम जागेवर असलेली ती एकटीच बाई. पगार मात्र पुरुष प्राध्यापकांहून कमी, आणि तोही वर्षानुवर्षं. तिने नऊ वाद्यांसाठी एक रचना केली, १८५० मध्ये ती वाजली, तरुण व्हायोलिनवादक योआखिम त्यात होता, लोकांनी डोक्यावर घेतली. तिने ही वेळ बरोबर साधली. संचालकांकडे समान पगाराची मागणी केली आणि तो मिळवला. आमच्यातल्या एका अंगणवाडीताईने हे ऐकल्याबरोबर विचारलं, "थकबाकी मिळाली का?"

विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण आलं आणि वादाचे नियम पुन्हा बदलले. ज्यांचं रेकॉर्ड आहे तेच स्पर्धेत. २०१० मध्ये इंग्लंडच्या बीबीसी म्यूझिक मॅगझिनने शंभर पियानोवादकांना ध्वनिमुद्रणाच्या काळातला सर्वश्रेष्ठ कोण ते विचारलं. पहिला आला रॅखमानिनॉव्ह, दुसरा रुबिनस्टाइन, तिसरा होरोविट्झ. आपल्या त्या मुलांच्या तोंडी जी नावं होती ती इथूनच झिरपत आली असणार. पहिल्या दहांत बाई एकच, अर्जेंटिनाची मार्था आर्हेरिच. ही १९६५ साली वॉर्सातली शोपँ स्पर्धा जिंकली. पुढे १९८० मध्ये त्याच स्पर्धेत परीक्षक होती, आणि एका तरुणाला अंतिम फेरीआधीच बाद केलं म्हणून हा मुलगा प्रतिभावंत आहे असं सांगून परीक्षकपद सोडून निघून गेली. थोर कोण हे ठरवणाऱ्या खोलीतून उठून जायलाही धमक लागते.

रॅखमानिनॉव्हचे पंजे प्रचंड होते, हे सगळे सांगतात. पियानोच्या पट्ट्यांची रुंदी साऱ्या जगात साधारण एकच, सा ते वरचा सा म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटिमीटर. लहान हाताच्या माणसाला काही चिजा त्यामुळे भारीच पडतात. बायकांचे हात लहान म्हणून त्या मागे, असंही काही जण म्हणतात. क्लाराचा पंजा चांगला रुंद होता, ते सोडा. पण योसेफ होफमन नावाच्या नामवंत वादकाचे हात लहान होते, तर स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी थोड्या अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. पुरुषाचा हात लहान निघाला तेव्हा पियानो बदलता येतो हे लक्षात आलं!

आणि काही कामं रेकॉर्डमध्ये मावतच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडायच्या भीतीने सभागृहं बंद झाली, नॅशनल गॅलरीतली चित्रंही सुरक्षित जागी हलवली. मायरा हेस या पियानोवादिकेने त्या रिकाम्या भिंतींमध्ये दुपारच्या जेवणाच्या सुटीत मैफली सुरू केल्या. १० ऑक्टोबर १९३९ ला पहिल्या दिवशी ती स्वतः वाजवायला बसली. मूठभर ओळखीचे लोक येतील असं वाटलं होतं, हजारभर आले. तिकीट एक शिलिंग. साडेसहा वर्षांत सुमारे १,७०० मैफली झाल्या, बॉम्ब पडत होते तेव्हाही तळघरात झाल्या. याला किती गुण द्यायचे, ते यादीवाल्यांनी सांगावं.

क्लाराच्या बोटांचा आवाज आज कुठेही नाही. लिस्टचाही नाही. पण क्लारा १८७८ पासून चौदा वर्षं फ्रँकफर्टच्या होख संगीत विद्यालयात शिकवत होती. सुरुवातीला तिथल्या शिक्षकवर्गात बाई ती एकटीच. मी घरीच शिकवेन, दौऱ्यांसाठी सुटी लागेल आणि माझ्या मुली मदतनीस असतील, या अटी तिने आधी मान्य करून घेतल्या होत्या. तिथे तिच्याकडे शिकायला इंग्लंडहून फॅनी डेव्हिस आली होती. क्लारा गेल्यावर तीस-बत्तीस वर्षांनी, १९२८ मध्ये, फॅनीने रॉबर्ट शुमनची पियानो आणि वाद्यवृंदाची मोठी रचना ध्वनिमुद्रित केली. ही रचना लोकांपुढे पहिल्यांदा वाजवली होती ती क्लाराने.

ती रेकॉर्ड आम्हाला सापडली. खूप खरखर आहे, जुन्या तव्यावर पाऊस पडावा तशी. परवा वीज असताना त्या मुलांना बोलावून ऐकवली. होरोविट्झवाला मुलगा पूर्ण वेळ गप्प बसून होता, मग म्हणाला, "मावशी, परत लावा ना सुरुवात."

तर मैत्रिणींनो, रेडिओचा आवाज जरा मोठा करा, आणि कुकर गॅसवर असेल तर पाच मिनिटं बारीक करून ठेवा. सुरुवातीला वाद्यवृंदाचा एकच ठोका येतो आणि लगेच पियानो धबधब्यासारखा खाली कोसळतो. ती फॅनी डेव्हिस.